काचेपासून कांजीपर्यंत

चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात शिरले की मशीनच्या आधी एक फळा लागतो. त्यावर प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेले कागद आणि प्रत्येक कागदावर दोन फोटो. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. आधीच्या फोटोत नट-बोल्टांचा ढीग, नंतरच्या फोटोत तेच नट-बोल्ट रंगीत बिनमध्ये लावलेले. खाली किती सेकंद वाचले, किती पावले कमी चालावी लागली आणि कल्पना कोणाची, याची नोंद. वर ठळक अक्षरांत ‘कायझेन’. शेजारच्या खांबावर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके अशी पाच शब्दांची पाटी. मंचर-जुन्नरकडून कंपनीच्या बसने येणारा, आयटीआय झालेला मुलगा हे पाचही शब्द न अडखळता म्हणून दाखवतो, कारण ऑडिटला विचारतात. तुला जपानी येते का, असे मात्र कोणी विचारले तर तो हसेल.

या पट्ट्यात जपानी भाषा अशी आधी पाट्यांवर आली आणि वर्गात नंतर. जपानबद्दलचे कुतूहल मात्र या पाट्यांच्या कितीतरी आधीचे. त्याचा माग काढत गेले तर चाकणपासून वीसेक किलोमीटरवर तळेगाव दाभाड्याला, एका काचेच्या भट्टीपाशी जाऊन पोहोचावे लागते.

१९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियाचा धुव्वा उडवला. आशियातला एक देश युरोपातल्या बड्या सत्तेला हरवू शकतो, ही बातमी स्वदेशीच्या ऐन हंगामात पुण्याला पोहोचली आणि इथल्या शिकल्यासवरल्या माणसाला जपानने भुरळ घातली. त्याच काळात अंताजी दामोदर काळे नावाचे एक खटपटी गृहस्थ ‘पैसा फंड’ घेऊन हिंडत होते. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी धंदे उभे करायचे, एवढी साधी योजना. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये, म्हणजे टिळकांची मंडालेला रवानगी झाली त्याच साली, तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याची तांत्रिक बाजू सांभाळायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. ते संयुक्त प्रांतातले, काचकाम शिकलेले जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत. तळेगावात नुसती काच तयार होत नव्हती, काच करणारी माणसेही तयार होत होती. इथे हात बसलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले आणि वार्ष्णेयांनी स्वतः नंतर बहजोईला मोठा कारखाना काढला.

त्या काळी जपानला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यासमोर भाषेचा प्रश्न आ वासून उभा असे. लंडनला जाताना इंग्रजी शाळेतूनच बरोबर घेऊन जाता येई. जपानी तांत्रिक शाळांत मात्र शिकवणे जपानीतच. कोणी शौक म्हणून, कोणी कवितेच्या ओढीने ती शिकत होता असे म्हणण्याला आधार नाही. भट्टीचे तापमान, वाळूचे प्रमाण, रंगाची भुकटी कळावी म्हणून ती शिकायची. कामापुरती.

महर्षी कर्व्यांच्या हाती १९१५ साली पडलेली पुस्तिका याच जातीची. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली ती पुस्तिका टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी होती. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये काढलेल्या या संस्थेत मुलींना त्यांच्याच भाषेत उच्च शिक्षण मिळत होते. कर्व्यांनी ती पुस्तिका आधी बाजूला ठेवून दिली होती. मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाचे भाषण लिहायची वेळ आली तेव्हा ती नीट वाचली आणि पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, पुण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून शिकवण्याचे तत्त्व कर्व्यांच्या विद्यापीठाने पहिल्यापासून धरले. त्यासाठी आधार दाखवायचा तर इंग्लंडकडे बोट करून भागले नसते, जपानकडे करता आले.

थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वीच्या पुणे प्रांताला जपान हवा होता तो धड्यासारखा. त्या देशात माणसे काय खातात, कशावर हसतात, गणपतीला काय वाहतात, याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. (गणपतीचे गमतीने लिहिलेले नाही, ते पुढे येईलच.)

स्वातंत्र्यानंतर पिंपरीला कारखाने आले तेव्हा तर जपान चित्रातही नव्हता. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९५८ मध्ये बजाज टेम्पो निघाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकात टेल्कोने इथे पाय रोवले. टेम्पोचे तंत्र जर्मन, टेल्कोचा करार डाइम्लर-बेंझशी, चिंचवडची एसकेएफ स्वीडिश. परदेशी भाषा शिकायचीच तर हुशार मुलाने जर्मन शिकावी, हा सल्ला त्या काळी घराघरांत दिला जाई आणि तो बरोबरही होता. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झालेले पिंपरी-चिंचवड हे गाव तोवर तोंडाने मराठी, कागदावर इंग्रजी आणि यंत्रांवरच्या पाट्यांपुरते जर्मन होते.

जपानी यंत्रविद्या या गावात आधी प्रतिस्पर्धी म्हणून आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हलक्या मालवाहू गाड्यांसाठी सरकारने जपानी भागीदारीला वाट मोकळी केली आणि डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी, ऑल्विन-निसान अशा चार जोड्या एकदम बाजारात उतरल्या. ट्रकमध्ये मुरलेल्या टेल्कोला कोणी विचारणार नाही, अशी चर्चा होती. त्यावर पिंपरीतून निघालेले उत्तर म्हणजे १९८६ ची टाटा ४०७. परदेशी भागीदार न घेता पुण्यातच आखलेली ही गाडी त्या चारही जोड्यांना पुरून उरली. आजही चाकणच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोणी उतरवणाऱ्या गाड्यांत ४०७ दिसते, त्या चारांपैकी बहुतेक नावे जुन्या माणसांच्या बोलण्यातच उरली.

पण जिंकूनही या गावाने जपानी यंत्रविद्या घरात घेतली. कायनेटिकच्या फिरोदियांनी १९८४ मध्ये होंडाशी हात मिळवला आणि बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. तिचा कारखाना पिथमपूरला असला तरी घराणे इथले. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीशी जुळवून घेतले आणि १९८६ मध्ये केबी १०० रस्त्यावर आली. २००१ च्या पल्सरला तर मोटारसायकलींच्या जगात अस्सल देशी म्हणून मान आहे, पण तिच्या आखणीतही टोकियो आर अँड डी या संस्थेचा हात होता. पुढे चाकणला कावासाकीच्या निन्जाची जुळणी होऊ लागली, २०१३ मध्ये ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना चालू झाला, होरिबाने तपासणी-यंत्रांचे तांत्रिक केंद्र काढले, कावासाकीने बजाजपासून वेगळे होऊन २०१७ मध्ये चाकणलाच स्वतःचे बिऱ्हाड थाटले. फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार एवढ्यावर ओळखले जाणारे गाव फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांच्यासोबत जपान्यांचेही झाले.

आणि मग दुभाष्याची गरज पडली.

जपानी तज्ज्ञ आला की लाइनवर तिघांचे बोलणे सुरू होते. तज्ज्ञ प्रेसमधून निघालेला तुकडा हातात घेतो, कडेवरून बोट फिरवतो आणि एकच शब्द बोलतो, ‘बारी’. दुभाष्याला तत्क्षणी कळायला हवे की हा बर, पत्रा कापताना कडेला राहिलेली बारीक धार. तो ऑपरेटरकडे वळतो. ‘दादा, डायला शेवटचं ग्राइंडिंग कधी केलं?’ दादा सांगतात, ‘परवाच्या थर्ड शिफ्टला.’ थर्ड शिफ्ट रात्री अकराला लागते आणि सकाळी सातला सुटते. मग तारीख कोणती धरायची? समोरचा माणूस वही उघडून, पेन टेकवून उभा आहे, त्याला नेमकी तारीख हवी आहे आणि शक्यतो वेळही. दुभाषी पुन्हा विचारतो, दादा थोडे वैतागतात, लॉगबुक मागवले जाते. एवढ्या वेळात कोणाचाही अपमान होऊ न देता तिघांना एका पानावर आणायचे, हे काम कुठल्या शब्दकोशात नाही.

भाषा येते पण रीत येत नाही, अशा माणसाची इथे फार पंचाईत होते. बैठकीत जपानी मॅनेजर मान डोलवत ‘हाय, हाय’ म्हणतो. नवशिक्याला वाटते, मंजुरी मिळाली. त्याचा अर्थ एवढाच असतो की ऐकतो आहे. ‘थोडे अवघड आहे’ असे तो म्हणाला तर प्रस्ताव बारगळला म्हणून समजावे. ‘बघू’ या एका शब्दावर आयुष्यभर कामे टाळलेल्या मराठी माणसाला हे समजायला तसा फार वेळ लागत नाही.

म्हणूनच कंपन्यांना केवळ व्याकरण पाठ असलेली मुले पुरत नाहीत आणि इथूनच भाषेच्या वर्गांचा इतिहास संस्कृतीच्या वाटेला वळतो. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियनबरोबर तिथे जपानीही शिकवली जाते. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवीही घेता येते. पिंपरी-चिंचवडच्या विद्यार्थ्याला बराच काळ जपानी शिकायची म्हणजे आधी पुणे गाठायचे असाच नेम होता. लोणावळ्याची लोकल पकडून शिवाजीनगरला उतरायचे, नाहीतर बस धरायची. पीएमटी आणि पीसीएमटी २००७ मध्ये एक होईपर्यंत बसही दोन संस्थानांच्या होत्या. आता निगडी, चिंचवड, पिंपळे सौदागरला गल्लीच्या तोंडावर जपानीच्या क्लासचे फलक दिसतात, बहुधा दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचे दुकान.

या साऱ्याला शिस्त लावली ती परीक्षेने. जपानी भाषा क्षमता चाचणी, सगळे तिला जेएलपीटीच म्हणतात, १९८४ मध्ये सुरू झाली. आधी तिच्या चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या: एन ५ सगळ्यांत सोपी, एन १ सगळ्यांत अवघड. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती होते आणि पुणे तिच्या भारतातल्या केंद्रांपैकी एक आहे. १८० गुणांची परीक्षा. पास व्हायला एन ५ ला किमान ८० लागतात, एन १ ला १००. सगळे पर्यायी प्रश्न. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही. त्यामुळे एन ३ चे प्रमाणपत्र हातात आहे आणि समोर जपानी माणूस आला की तोंडातून शब्द फुटत नाही, असे मासले इथे पुष्कळ. जपान फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीत भारतभर जपानी शिकणाऱ्यांची संख्या ३८ हजारांच्या घरात होती. त्याच संस्थेच्या जागतिक पाहण्यांत शिकण्याच्या कारणांत अ‍ॅनिमे-मांगा (जपानी कार्टून आणि चित्रकथा), भाषेबद्दलची आवड, इतिहास-साहित्य ही कारणे सातत्याने वरच्या बाजूला राहिली आहेत, आणि नोकरीला ती मागे टाकतात.

कारखान्यांच्या गावात हे पटायला जड जाते. इथे क्लासची फी भरताना आई-वडील पहिला प्रश्न पॅकेजचाच विचारतात आणि मुलेही घरी तेच कारण सांगतात. पण ती आवड त्यांना लागली कुठून, हे शोधू गेले तर एक निराळाच नकाशा उलगडतो.

पहिली वाट पुस्तकांची. मराठी वाचकाला जपान माणसांसकट दाखवला तो बहुधा पु. ल. देशपांड्यांनी. १९६३ च्या ‘पूर्वरंग’मध्ये जपान आहे तो कारखान्यांचा नाही, घरांचा, नाटकांचा, वाकून नमस्कार करणाऱ्या माणसांचा. मग शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. आचार्य अत्र्यांची ही मुलगी तीन ओळींच्या त्या परक्या रचनेच्या इतकी प्रेमात पडली की मराठी हायकू म्हटले की आज पहिले नाव तिचेच येते, आणि हायकू लिहिणारी एक पिढी त्यातून तयार झाली. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठीत आले आणि शिक्षकांच्या, पालकांच्या हातोहात फिरले. त्यातली आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा झेडपीच्या कितीतरी गुरुजींना स्वतःच्या शाळेपेक्षा जास्त ठाऊक आहे. यांतले कोणीही ‘जपानी शिका’ असे म्हटले नव्हते.

पु. लं.चे नाव पुढे जपानी बागेलाच मिळाले. सिंहगड रस्त्यावर २००६ मध्ये खुले झालेले पुणे-ओकायामा मैत्री उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखलेले आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने सतराव्या शतकाच्या अखेरीस करवून घेतली. जपानच्या तीन नामवंत बागांत ती गणली जाते. पुण्याच्या बागेत शेजारच्या कालव्याचे पाणी खेळवले आहे. रविवारी तिथे पिंपरीकडचे लोक डबे घेऊन येतात, पुलावर फोटो काढतात, वॉचमन हिरवळीवरून शिट्टी मारून उठवतो. जपानी बागेत झाडाकडे, पाण्याकडे कुठून बघायचे हे आखणाराने ठरवलेले असते. आपल्याकडे लोक आपापले ठरवतात.

दुसरी वाट देहूरोडची. शहराच्या अगदी कडेला असलेल्या या लष्करी वस्तीत २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. इथल्या बौद्ध वस्त्यांतल्या कित्येकांना जपान पहिल्यांदा कळला तो बौद्धांचा देश म्हणून, मोटारींचा देश म्हणून मागाहून. जपानी भिक्खू सुरेई ससाई नागपूरचेच होऊन गेले, कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानी देणगीतून उभे राहिले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये वाकायामातल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ही देवघेव जपानी भाषेच्या इतिहासात सहसा मोजली जात नाही. मोजायला हवी; एमआयडीसीतला पहिला जपानी करार झाला त्याच्याही आधीपासून ती चालू आहे.

तिसरी वाट टीव्हीची, आणि गर्दी सगळ्यांत जास्त याच वाटेवर. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जी ‘जंगल बुक’ बघायला अख्खी आळी घरात बसायची, ती निप्पॉन अ‍ॅनिमेशनची मालिका होती. मोगली जपानी आहे, हे आळीत कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या दशकात डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदी बोलत आले. पिंपरी-चिंचवडच्या आजच्या पंचविशीतल्या पोरांनी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून जे पाहिले ते हे. त्या चित्रांत वर्ग झाडणारी मुले होती, दारात बूट काढणारी माणसे होती, डब्यातला भात होता. मग यूट्यूब आले, मूळ जपानी आवाजातले अ‍ॅनिमे खाली इंग्रजी अक्षरे वाचत पाहण्याचा नाद लागला आणि एके दिवशी कळले की खालची अक्षरे न वाचताही चार वाक्ये कळताहेत. जपानीच्या वर्गात पहिल्या दिवशी ‘का आलात’ विचारले की नारुतोचे नाव निघते आणि मागच्या बाकावर खसखस पिकते. प्राधिकरणातल्या कराटेच्या क्लासमधून आलेल्या मुलांना तर इची, नी, सान, शी, गो आधीच येत असते, भले अर्थ ‘लाथ मार’ एवढाच ठाऊक असो.

या आवडीचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला कांजी, म्हणजे जपानी लिखाणातली चिनी चिन्हे, दाखवावी. पहिले दोन-तीन महिने जपानी भाषा मराठी माणसाशी फार गोड वागते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यामुळे इंग्रजीइतकी उलथापालथ करावी लागत नाही. मुळाक्षरांचा तक्ताही ओळखीचा वाटतो: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांसाठी जपानी भिक्खूंनी सिद्धम् लिपी आणि संस्कृतचे उच्चारशास्त्र अभ्यासले, त्यातून तिथल्या अक्षरांना हा क्रम मिळाला. आदरार्थी बोलण्याचेही तसेच. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या माणसाला समोरच्याप्रमाणे क्रियापद बदलते याचे नवल वाटत नाही, फक्त जपानीत त्याचे जिने जास्त आहेत.

मग कांजी सुरू होते आणि वर्ग रिकामे होऊ लागतात. एन ५ ला शंभराच्या आसपास चिन्हे पुरतात. रोजच्या व्यवहारासाठी जपान सरकारने २०१० मध्ये ठरवलेल्या यादीत ती २,१३६ आहेत आणि एकेका चिन्हाचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार. फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस संध्याकाळी चौकटींच्या वहीत तीच चिन्हे गिरवतो, पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट लागते, क्लास बुडतो, शिफ्ट बदलून परत येईपर्यंत निम्मी चिन्हे विसरलेली असतात. पगारवाढीच्या आशेवर माणूस इथपर्यंत येतो. इथून पुढे जायला ती आशा अपुरी पडते, कारण एन ५ आणि एन ४ वर पगारात फारसा फरक पडत नाही आणि एन २ अजून दोन-तीन वर्षे लांब असते. या मधल्या कोरड्या पट्ट्यात ज्याला मांगाचे पुढचे पान वाचायचे असते, मुराकामी मूळ भाषेत चाळून बघायचा असतो, जपानी पदार्थांचे व्हिडिओ समजून घ्यायचे असतात, तो टिकतो. निव्वळ नोकरीसाठी आलेला बहुधा इथेच गळतो. तो आळशी असतो म्हणून असे होत नाही. रोज संध्याकाळी वही उघडायला त्याच्याकडे त्या दिवसापुरते कारण नसते, दुसऱ्याकडे असते.

चिंचवडच्या मुलाला तर असे कारण अगदी अंगणात सापडावे. मोरया गोसावींच्या गावात वाढलेला मुलगा टोकियोला गेला तर असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचे मंदिर आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेला आपला गणपती. मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत, ती बंद ठेवलेली असते. मोदकाच्या जागी इथे मुळा वाहतात, पांढरा, जाडजूड, आणि जानेवारीत मुळ्यांचा उत्सवही होतो. दगडात, कंदिलांवर जागोजाग मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चित्रे कोरलेली. मुळाच का, हे पुजाऱ्याला विचारायचे तर जपानी यायला हवी, आणि तीही एन ५ ची पुरणार नाही.

अलीकडे मात्र हवा पुन्हा वार्ष्णेयांच्या काळासारखी झाली आहे. म्हाताऱ्या होत चाललेल्या जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा काढला, जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची देवाणघेवाण करायचे ठरवले. त्यांतले ५० हजार भारतातून जाणारे कुशल लोक. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, कारखाने. त्यासाठी साधारण एन ४ च्या तोलाची भाषा पुरते. लगेच ‘सहा महिन्यांत जपान’ अशी जाहिरात करणारे उगवले. भाषा सहा महिन्यांत कामापुरती येईलही, पण ज्या आजोबांना उचलून आंघोळ घालायची आहे त्यांच्याशी काय बोलायचे हे सहा महिन्यांत शिकवणारा क्लास अजून पाहण्यात नाही. जाहिरातीत पगार येनमध्ये मोठा दिसतो, घरभाडे वजा करून दाखवलेले नसते. पोरांनी जावे, जरूर जावे. पण सही करण्याआधी त्या गावात हिवाळ्यात बर्फ किती फूट पडतो तेवढे तरी विचारून घ्यावे.

गेलेल्यांपैकी काहींनी तिथे मूळ धरले. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक आयटीच्या नोकरीतून टोकियोत स्थिरावले, २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले आणि २०१९ मध्ये एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. निशी-कासाईच्या ज्या भागात भारतीय वस्ती दाट, तो याच प्रभागातला. पुढे ते इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. प्रचारात हात जोडणे आणि कमरेत वाकणे, दोन्ही त्यांना जमत असणार. जपानी मतदारासमोर भाषण करण्याइतकी भाषा आली पाहिजे, असे ध्येय तळेगावच्या भट्टीच्या काळात कोणाच्या स्वप्नातही नसते.

त्याच्या आधीपासून उलट दिशेनेही माणसे येत होती, आणि ती यंत्रे विकायला आलेली नव्हती. हिरोशी फुकाझावा या इतिहासकाराने मराठी कागदपत्रांच्या आधारे सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या दख्खनच्या खेड्यांचा अभ्यास केला; त्यांचे ‘द मिडीव्हल डेक्कन’ १९९१ मध्ये इंग्रजीत आले. हिरोयुकी कोतानी यांनी पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वतन आणि जातीची पंचायत यांवर वर्षानुवर्षे काम केले. १९८९ चे त्यांचे मध्ययुगीन भारतीय समाजावरचे पुस्तक जपानीत आहे. खेड तालुक्यात कुठल्या वतनावरून कोणाचा तंटा चालायचा, बलुत्याचा वाटा कसा ठरायचा, असल्या गोष्टींत टोकियोतला एक प्राध्यापक आयुष्य घालवतो आणि चाकणच्या ज्या पोराच्या पणजोबांकडे ते वतन होते तो ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो चिकटवत असतो. त्या पोराने एन १ पर्यंत मजल मारली तर कोतानींचे ते पुस्तक त्याला मधल्या इंग्रजीशिवाय थेट वाचता येईल. पाटील, कुलकर्णी आणि महार ही नावे त्यात कोणत्या अक्षरांत छापली आहेत, हे ओळखायला मात्र एन ५ च्या पहिल्या महिन्यात शिकवतात ती, परक्या नावांसाठीची काताकाना लिपी पुरते.